उंबरठ्याची उंची

या क्षणी मी एका बंद खोलीत बसून बोलत आहे आणि आपण आपापल्या घरी बसून ऐकत आहात. मी आपणांस दिसत नाही, आपण मला दिसत नाही. श्रोत्यांपैकी काहीजण अंध असतील; परंतु हे भाषण चालू आहे तोवर अंध श्रोता आणि डोळस श्रोता यांत कसलाही भेद उरलेला नाही. दोघांनाही माझे शब्द सारखेच पोचतात, आणि मी कंटाळवाणे बोलू लागलो तर दोघेही सारख्याच सहजतेने यंत्राचा कान पिळू शकतात. याउलट, ज्यांना ऐकू येत नाही अशांच्या दृष्टीने मात्र माझे हे सारे बोलणे असून नसल्यासारखे आहे. उद्या हेच भाषण एखाद्या पुस्तकात छापले गेले की पारडे फिरेल. कर्णबधिर मनुष्य ते सुखाने वाचील. आणि ब्रेल लिपीत उतरविण्याची किंवा संगणकाकडून वाचवून घेण्याची सोय कोणी केली नाही, तर अंध मनुष्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसावे लागेल. भाषण तेच, माणसे तीच, त्यांची शरीरे तीच. बदलली ती केवळ पोचविण्याची वाट.

यावरून एक साधी गोष्ट ध्यानात येते. अपंगत्व निम्मे शरीरात असते आणि निम्मे मांडणीत असते. शरीरातल्या निम्म्यावर वैद्याने उपाय करावयाचे. मांडणीतल्या निम्म्यावर तुम्ही-आम्ही. आज मी या दुसऱ्या निम्म्याविषयी बोलणार आहे. हे तत्त्व मी कोणत्याही ग्रंथात शिकलो नाही. ते मला माझ्या धाकट्या बहिणीने शिकविले, आणि मी मंदबुद्धीचा विद्यार्थी असल्यामुळे मला ते फार उशिरा समजले. म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

आमचे गाव तालुक्याचे. १९६२ साली, ती तीन वर्षांची असताना, तिला ताप आला. आणि ताप उतरला तेव्हा तिच्या दोन्ही पायांतली शक्ती गेलेली होती. पोलिओची लस तोवर जगात निघाली होती, पण आमच्या गावापर्यंत ती आली नव्हती. पुढे ती घरोघर पोचली. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळलेला वन्य विषाणूचा रुग्ण हा आपल्या देशातला अखेरचा ठरला, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हा विजय लहान नव्हे. पण लस येण्यापूर्वी ज्यांचे पाय गेले ती मुले मोठी झाली, त्यांना शाळा, नोकरी, घर हवे होते. आणि त्या बाबतीत कोणतीही लस उपयोगाची नव्हती.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, तिला खांद्यावर बसवून शाळेत नेत. प्राथमिक शाळा एकमजली होती, तोवर सारे ठीक चालले. माध्यमिक शाळेत वर्ग माडीवर भरत. माडीला लाकडी जिना आणि जिन्याला चौदा पायऱ्या. पहिले वर्ष नानांनी ओढून नेले. नंतर त्यांना दम लागू लागला आणि डॉक्टरांनी ओझे उचलण्याची बंदी केली. बाजारातला एक हमाल बिचारा आपण होऊन म्हणाला, "पोरीला मी नेत जाईन, मला दोन मणांची पोती उचलायची सवय आहे." पण मुलगी बारा वर्षांची झालेली, परक्या पुरुषाने तिला उचलून न्यावे हे आईला कसे रुचावे? शाळा बंद झाली. त्या घरात कोणी दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. सर्वांना वाईट वाटले, सर्वांनी तिचे लाड अधिक केले, आणि दोन वर्षे ती ओसरीवर बसून बहिणी-भावांच्या वह्यांना कव्हरे घालीत राहिली.

१९७३ साली शाळेत नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी चौकशी केली, मुलगी का येत नाही म्हणून. आम्ही कारण सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चार थोराड मुलांना हाताशी धरले आणि तळमजल्यावरच्या खोलीतले नकाशे, तक्ते, प्रयोगाचे सामान माडीवर नेऊन ठेवले व माडीवरचा वर्ग खाली आणला. संध्याकाळपर्यंत काम संपले. खर्च काही नाही. त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले. पण आज इतक्या वर्षांनी मला पेढ्यांची गोडी आठवत नाही. आठवते ती दुसरीच गोष्ट. एका दुपारचे काम होते, आणि ते कोणाला न सुचल्यामुळे एका मुलीची दोन वर्षे गेली. आम्ही सारे तिच्या पायांकडे पाहत होतो. जिन्याकडे पाहणारा पहिला मनुष्य तो.

आपल्या परंपरेत या विषयाची उदाहरणे पुष्कळ आहेत. सांख्यांनी प्रकृती आणि पुरुष यांचा संबंध सांगताना अंध आणि पंगू यांचा दृष्टान्त दिला. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, एक चालतो, दुसरा वाट दाखवितो, आणि दोघे रानातून सुखरूप बाहेर पडतात. हा दृष्टान्त मला फार आवडतो, कारण त्यात कोणी कोणावर दया केलेली नाही. तो दोन बरोबरीच्या माणसांमधला करार आहे. पण त्याच परंपरेत धृतराष्ट्राची कथाही आहे. थोरला असूनही, केवळ जन्मांध म्हणून राज्य त्याच्याकडे न येता धाकट्या पंडूकडे गेले. त्याच्या पुढच्या वागण्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु नाकारले गेल्याचा तो सल किती खोल गेला हे व्यासांनी जाणले होते. आणि भक्तिमार्गात आपण गातो की ईश्वराची कृपा झाली तर पांगळाही पर्वत ओलांडून जाईल. ईश्वराच्या कृपेविषयी मला शंका नाही. मला इतकेच दिसते की पर्वत ओलांडण्याची मागणी पांगळ्याने कधी केली नव्हती. त्याला टपालकचेरीच्या तीन पायऱ्या ओलांडावयाच्या होत्या, आणि त्या ईश्वराने नव्हे, सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधल्या होत्या.

दयाधर्माने या देशात थोर कामे झाली, हे विसरून चालणार नाही. मुंबईत अंधांसाठी शाळा १९०२ साली निघाली. १९४७ साली फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीच्या आजारपणातून मार्ग शोधता शोधता, पोलिओग्रस्त मुलांसाठी मुंबईत संस्था उभी केली. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोड्याजवळ आनंदवनाची पायाभरणी केली आणि ज्यांना गावाबाहेर काढले होते त्यांच्या हातांनी शेती पिकवून दाखविली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी आपले नाव आणि वजन खर्च करून कित्येक अपंगांना नोकऱ्या मिळवून दिल्या. दान मागण्यापेक्षा काम मागणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. ही माणसे नसती तर पुढचा विचार करण्यास कोणी उरलेच नसते. परंतु दयेची एक मर्यादा आहे. दया देणाऱ्याच्या सवडीने चालते. ती आज येते, उद्या येत नाही. आणि जिच्यावर ती होते तिने कृतज्ञ राहावे, हट्ट करू नये, अशी तिची अबोल अट असते.

ही अट मोडणारी चळवळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कली या गावी उभी राहिली. एड रॉबर्ट्स या मुलाला १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखालचे जवळजवळ सारे शरीर निश्चल झाले. रात्री त्याला लोखंडी फुप्फुस म्हणतात त्या यंत्राच्या पेटीत निजावे लागे, कारण त्यावाचून श्वासच चालत नसे. शासनाच्या पुनर्वसन विभागाने त्याला नोकरी करणे अशक्य आहे असे ठरवून शिक्षणास साहाय्य नाकारले होते. तरी तो भांडून १९६२ मध्ये विद्यापीठात दाखल झाला, आणि वसतिगृहात यंत्र मावेना म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहू लागला. मागोमाग त्याच्यासारखेच आणखी काही विद्यार्थी आले. रुग्णालयात राहता राहता त्यांच्या ध्यानात आले की आपण रोगी नाही. आपण भाडेकरू आहोत. त्यांना परिचारिका नको होत्या, आपण निवडलेला, आपण सांगितलेले काम करणारा मदतनीस हवा होता. यातूनच १९७२ साली बर्कलीत स्वतंत्र जीवनाचे पहिले केंद्र निघाले, आणि ते अपंगांनी स्वतःच चालविले. पुढे १९७५ मध्ये रॉबर्ट्स कॅलिफोर्नियाच्या त्याच पुनर्वसन विभागाचा प्रमुख झाला. ज्या कचेरीने त्याला निकामी ठरविले तिच्याच प्रमुखाच्या जागी तो बसला.

या चळवळीने स्वावलंबन या शब्दाचा अर्थच पालटून टाकला. आपण समजतो की स्वावलंबी म्हणजे सर्व कामे स्वतःच्या हाताने करणारा. या व्याख्येत आपण तरी कोठे बसतो? आपले पाणी दुसरा कोणी सोडतो, धान्य तिसरा पिकवितो, केस चौथा कापतो. रॉबर्ट्सला स्वतःच्या हाताने पेलाही उचलता येत नव्हता. पण केव्हा उठावयाचे, काय खावयाचे, कोणाला भेटावयाचे, कोठे राहावयाचे, हे तो ठरवीत असे. स्वतंत्र जीवन म्हणजे मदतीवाचून जगणे नव्हे. मदत घेऊनही निर्णय आपल्या हाती ठेवणे, हे स्वतंत्र जीवन होय.

आपल्याकडेही हे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दोन्ही पायांतली शक्ती गमवावी लागली. स्वतः चाकांच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना उमेद आली. नोकरी करीत करीत त्यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभारली, आणि आपल्या आत्मकथनाला नाव दिले ते 'चाकाची खुर्ची' असे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवात त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधल्या सेहेचाळीस वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने मनाशी करावा. पण अशा असामान्य माणसांची उदाहरणे देताना मला थोडी भीतीही वाटते. डोळस माणसाने सामान्य असले तरी चालते; अंध माणसाने मात्र असामान्यच असावे, तरच आम्ही त्याला जागा देऊ, अशी आपली समजूत होऊ नये. सामान्य बुद्धीच्या, सामान्य गुणांच्या अपंग माणसालाही बस पकडण्याचा हक्क आहे.

हक्क हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. केंद्र सरकारने १९७७ साली खालच्या दोन श्रेणींतील नोकऱ्यांत अपंगांसाठी शेकडा तीन जागा राखून ठेवल्या. समान संधीचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये संमत झाला. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क नमूद आहे. त्यास अनुसरून २०१६ चा कायदा झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा चार टक्के व उच्च शिक्षणातील पाच टक्के केल्या, आणि पाचव्या कलमात सांगितले की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुक ठिकाणीच राहिले पाहिजे अशी सक्ती तिच्यावर होऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत २०२२ मध्ये सरली. आपण आपल्या गावातली तहसील कचेरी, टपालकचेरी आणि दवाखाना डोळ्यांपुढे आणा आणि ती कशी सरली ते पाहा. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे निकष ही केवळ शिफारस ठरू शकत नाही. किमान निकष तरी बंधनकारकच असले पाहिजेत. हा निकाल ज्या याचिकेवर लागला ती एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली केली होती.

आणि हे निकष काय आहेत? फार मोठे गणित नाही. पायऱ्यांऐवजी जो उतार बांधावयाचा, ज्याला आपण रॅम्प म्हणतो, त्याला एक फूट चढण्यास बारा फूट लांबी हवी. समजा, एखाद्या कचेरीला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक पंधरा सेंटिमीटरची. एकूण चढ पंचेचाळीस सेंटिमीटर. बाराने गुणा, पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीचा उतार झाला. पण आपल्याकडे कित्येक ठिकाणी जागा नाही म्हणून दोन मीटरांत उतार उरकतात. तो घसरगुंडीसारखा होतो; त्यावरून चाकांची खुर्ची चढत नाही आणि उतरताना मात्र आवरत नाही. दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर असावी, खुर्ची वळविण्यास दीड मीटरचे मोकळे वर्तुळ असावे. बस्स. हे इमारत बांधताना केले तर खर्च नगण्य. नंतर फोडून करावयाचे तर भिंतीही जातात आणि उत्साहही जातो.

फलाटावर किंवा पदपथावर आपण पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरश्या पाहिल्या असतील. त्या शोभेसाठी नाहीत. जपानमधील सेइची मियाके या गृहस्थाने, दृष्टी जात चाललेल्या आपल्या मित्रासाठी, १९६५ मध्ये त्या तयार केल्या, आणि १९६७ च्या मार्च महिन्यात ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविल्या. लांबट पट्टे म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा. ही पायांनी वाचावयाची लिपी आहे. आता ती जगभर पसरली. आपल्याकडे ती कधी कधी सरळ एखाद्या विजेच्या खांबावर जाऊन संपते. फरशी बसविणाऱ्याने तिला नक्षी समजून बसविले, की असे होते. जो ती वाचणार त्याला आधी विचारले असते, तर खांब दिसला असता. आमच्याविषयी जे ठरवाल ते आम्हांला वगळून ठरवू नका, हे जगभरच्या अपंग चळवळीचे घोषवाक्य झाले ते याच अनुभवातून.

शब्दांच्या बाबतीतही तेच. पांगळा, लुळा हे शब्द गेले, अपंग आला, विकलांग आला, आणि २०१६ च्या सुमारास दिव्यांग हा शब्द सरकारी व्यवहारात रुळला. महाराष्ट्रात तर त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला आहे. कित्येकांना हा शब्द सन्मानाचा वाटतो. कित्येक अपंग कार्यकर्त्यांना मात्र तो नकोसा वाटतो. ते म्हणतात, आमच्या अंगात दैवी असे काही नाही, आम्हांला देव्हाऱ्यात बसवू नका, बसमध्ये बसू द्या. मी या वादात निर्णय देणारा कोण? ज्याला जे नाव हवे त्याला त्या नावाने हाक मारावी, आणि हाक मारून झाल्यावर दार उघडावे.

एक शंका मला वारंवार विचारण्यात येते. एवढा खटाटोप किती लोकांसाठी? २०११ च्या शिरगणतीत देशातील अपंगांची संख्या दोन कोटी अडुसष्ट लाख भरली, म्हणजे शंभरांत दोनांहून थोडी अधिक, आणि त्यांपैकी शेकडा एकोणसत्तर खेड्यांत राहणारी. माझा समज असा की खरा आकडा याहून मोठा असावा, कारण घरातले अपंगत्व परक्यापुढे उघड करण्यास आपण संकोचतो. पण आकडा बाजूला ठेवा. उतारावरून चाकांची खुर्ची जाते, तशीच बाळाची गाडी जाते, पाठीवर ओझे असलेला हमाल जातो, दिवस भरत आलेली बाई जाते. आणि म्हातारपण तर कोणाला चुकले आहे? पायऱ्यांची उंची एकाएकी वाढली असे ज्या दिवशी वाटते, त्या दिवशी पायऱ्या तेवढ्याच असतात. आपण बदललेले असतो.

आता बहिणीची उरलेली हकीकत सांगतो, कारण तिच्यात माझा स्वतःचा दोष आहे. ती शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, टंकलेखन शिकली, आणि १९८२ साली राखीव जागेवर तिला नोकरीचा हुकूम आला. गाव आमच्यापासून पन्नास-साठ मैल दूर. घरात रडारड झाली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. आईच्या सांगण्यावरून मी तिला चार पानी पत्र लिहिले. तुला काय कमी आहे, आम्ही तुला जन्मभर सांभाळू, तेथे तू पडलीस-झडलीस तर कोण आहे, असा सारा मजकूर होता. मायेने लिहिले होते, यात शंका नाही. तिचे उत्तर एका कार्डावर आले. ते असे होते: "दादा, येथे सर्व आहे, पण माझे म्हणून काही नाही. पडायचे तर मला माझ्या घरात पडू दे."

ती गेली. तळमजल्यावरची एक खोली तिने भाड्याने घेतली. खोलीला उंबरठा होता चांगला वीतभर उंच. घरमालकीण जुन्या वळणाची. उंबरठा काढू देणार नाही म्हणाली, लक्ष्मीची जागा ती. मग दोघींनी तोड काढली. सुताराने आतून आणि बाहेरून उतरत्या फळ्या ठोकून दिल्या. उंबरठाही राहिला आणि वाटही झाली. हळदीकुंकू फळीच्या कडेने वाहत. सकाळी एक बाई पाणी भरावयास आणि आंघोळीला हात द्यावयास येई. तिला ती आपल्या पगारातून पैसे देई. मी एकदा म्हणालो, "त्यापेक्षा आई सोबतीला राहिली असती तर हे पैसे वाचले असते." ती म्हणाली, "आईला मी, आज उशिरा ये, असे कसे सांगणार?" त्या वाक्याचा अर्थ मला पुढे बर्कलीची हकीकत वाचल्यावर कळला.

सारे गोड झाले असे मात्र मी सांगणार नाही. कचेरीत तिचे टेबल खाली, पण पगार माडीवर मिळे. दरमहा पहिल्या तारखेला शिपायाने तिला उचलून न्यावे किंवा तिने दुसऱ्याला अधिकारपत्र द्यावे. तिने दोन्ही नाकारले आणि अर्ज केला, की रोखपालाने खाली यावे. सात वर्षे अर्ज फिरला. ती सात वर्षे ती स्वतः जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसून राही आणि रोखपाल वरून आवाज देई. ती पडलीही, दोनदा. एकदा मनगट मोडले. तेव्हा आम्ही तिला घरी आणावयास गेलो होतो. ती आली नाही. २०१७ साली ती सेवानिवृत्त झाली, आणि अजून ती त्याच गावी, आता स्वतः विकत घेतलेल्या घरी राहते.

अपंग मुलांचे आईबाप हे ऐकत असतील, तर त्यांच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. आमच्यामागे याचे कसे होणार? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माझी बहीण बोलू शकत होती, हिशेब ठेवू शकत होती, तिला पगार होता. ज्याला बुद्धीचे मांद्य आहे, किंवा ज्याला चोवीस तास मनुष्य लागतो, त्याचे काय? कायद्यात घरपोच साहाय्याची तरतूद आहे; पण प्रत्यक्षात तो भार बहुधा घरावरच, आणि घरात बहुधा आईवरच पडतो. म्हणूनच स्वतंत्र जीवनाची मागणी ही केवळ अपंगाची मागणी नाही; ती त्या आईचीही मागणी आहे. प्रशिक्षित मदतनीस, त्याला रास्त वेतन, गावात राहता येईल असे छोटे घर, ही व्यवस्था समाजाने उभी केली तरच तिला निश्चिंतपणे डोळे मिटता येतील. तोवर घरच्या घरी एवढे करता येईल: आज भाजी कोणती करावयाची, सदरा कोणता घालावयाचा, एवढे तरी त्याला विचारावे. ज्याला लहान निर्णय कधी घेऊ दिले नाहीत, त्याच्याकडून मोठ्या निर्णयाची अपेक्षा कशी करावी?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अपंगांना घरी बसून मतदान करण्याची सवलत होती. सवलत चांगली, अंथरुणाला खिळलेल्यांना तिचा मोठा आधार झाला असेल. मी बहिणीला विचारले, तू अर्ज केलास का? ती म्हणाली, "नाही. मी केंद्रावर गेले. रांगेत उभे राहता येत नाही, म्हणून बसले. ओळखीच्या चार बाया भेटल्या, उन्हाच्या गप्पा झाल्या, बोटाला शाई लावून आले." मत तर घरूनही दिले गेले असते. पण त्या रांगेत असणे, गावातली एक बाई म्हणून असणे, हे घरपोच मिळत नाही.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. माझा गुडघा आता साथ देत नाही. हातात काठी आली आहे. तिच्या घराच्या दाराशी तिने बांधून घेतलेला उतार आहे, नियमाप्रमाणे लांबलचक, कडेला कठडा. मी त्या कठड्याला धरून हळूहळू वर चढलो. ती दारात खुर्चीत बसून पाहत होती. हसत म्हणाली, "ये दादा, तुझ्यासाठीच बांधून ठेवला होता."

मी काही बोललो नाही. ते चार पानी पत्र तिने जपून ठेवले असेल काय, एवढेच त्या वेळी मनात आले. विचारण्याचे धैर्य झाले नाही.